मीरासाठी पाच वाक्यं

शुक्रवार सकाळ, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. कुवेतच्या सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर हजर: तुझा निखिल, सलमा, तिचा नवरा युसूफभाई, माझा नवरा सुधीर आणि मी. सुधीर गाडी लावायला गेला तो बराच वेळ आलाच नाही, पण त्याला हजर धरलं आहे. गैरहजर: तुझी नात मीरा. ती तिकडे अमेरिकेत झोपलेली होती.

शैलाताई, इथे आपल्यातलं कुणी वारलं की अशी नोंद मी प्रत्येक वेळी करते, तुला माहीत आहे. कोण आलं, कुठल्या गाडीतून कोण विमानतळावर जाणार, कुणाच्या हातात कुठला कागद. पहिली दोन नावं ठरलेली असायची, शैला आणि अनघा. या वेळीही हाताने ‘शैला’ लिहून टाकलं. खोडलं नाही. पुढे हजर लिहायचं की काय लिहायचं ते कळेना, म्हणून जागा मोकळी ठेवली.

सोमवारचं सांगते, तुला हसू येईल. मी ऑफिसला निघाले होते, शर्कच्या रस्त्यावरची गर्दी टाळायची म्हणून जरा लवकरच. सुधीरने कानाला लावलेला फोन तसाच ठेवून सांगितलं की शैलाताई गेल्या, युसूफभाई बोलताहेत, झोपेतच गेल्या म्हणे. आणि मी काय केलं असेन? कुणी गेल्याचं कळलं की इतकी वर्षं जे करत आले, तेच. चपला काढल्या, पेन शोधलं आणि तुला फोन लावला. पहिला फोन तुला, दुसरा युसूफभाईंना, तिसरा दूतावासात, असा आपला क्रम. रिंग वाजत होती तेवढ्यात मी वाक्यही जुळवलं होतं, की ताई, आपल्यातलंच कुणीतरी गेलंय, रजा टाक आणि खाली ये.

फोन सलमाने उचलला. तुझ्या पलंगाशेजारीच बसली होती ती. माझं वाक्य तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “कुणाला लावलास गो फोन? ताय नाय आता. तू ये.”

मग पुढचे चार दिवस मी फार चांगलं काम केलं. मरण घरात आलं की आधी पोलीस, मग डॉक्टर, मग दाखला, मग दूतावासातून पासपोर्ट रद्द, मग विमानाचं कार्गो. तुझ्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करणारा तो इजिप्शियन माणूस, प्रत्येक खिडकीवर माझ्या आधी पोचलेला असायचा. चहात साखर किती घालतोस म्हणून तू त्याला रागवायचीस. या वेळी त्याने बिनसाखरेचा घेतला आणि माझ्याकडे बघितलं नाही. एकही कागद परत आला नाही. एकाही सहीसाठी दुसरी फेरी पडली नाही. शुक्रवारी दुपारी विमान सुटलं, निखिल तुझ्याबरोबर गेला, आणि मला करायला काही उरलं नाही. तेव्हापासून मी घरभर फिरते आहे. मसाल्याचे डबे दोनदा पुसून झाले. बसवत नाही.

आणि एक काम शिल्लक आहे, त्यावर तुझा आणि माझा वाद मिटलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

निखिल बुधवारी उतरला. मी विमानतळावर घ्यायला गेले होते. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य बोलला ते हे: “मावशी, मीराचं ते शाळेचं पुढच्या आठवड्यात आहे. तिला त्यात अजून आजीच व्हायचंय.”

तुझ्या सहा महिन्यांच्या अमेरिकेतून तू काय आणलंस, तर वाचनालयाचं एक कार्ड आणि त्या बोर्डाची गोष्ट. निखिलचं गाव शिकागोपासून तासाभरावर. तू म्हणायचीस, गाव कसलं, सिटी आहे म्हणे. एक तळं, एक वाचनालय आणि एकमेकांसारखी घरं, चुकून शेजारच्यांच्या दारात किल्ली घातली तर ती लागेलसुद्धा. त्या वाचनालयाच्या कॉरिडॉरमध्ये बोर्ड होता: आमच्या शहरात राहून गेलेली नामवंत माणसं. एक अंतराळवीर, एक बेसबॉलवाला, जुन्या काळची एक नटी, एक सिनेटर आणि गवत कापायच्या यंत्रात कसलीशी सुधारणा करणारा एक गृहस्थ. तू दर दोन दिवसांनी तिथे जायचीस, कारण बाहेर चालायला जावं तर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. सगळ्यांची माहिती तुला पाठ झाली होती.

परत आल्यावर फिन्तासच्या किनाऱ्यावर आपण तिघी चालत होतो तेव्हा तू ती सगळी ऐकवलीस. नटी पाळण्यात असतानाच तिच्या आईबापांनी गाव सोडलं, तरी ती ‘आमची’. बेसबॉलवाला एक हंगामभर भाड्याने राहिला. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही, काहीतरी नियम हवा. किमान पाच वर्षांचं वास्तव्य, काहीतरी करून दाखवलेलं आणि त्याला पुरावा. तू हसायला लागलीस. म्हणालीस की माझ्या नियमात त्यांचा अंतराळवीरसुद्धा बसायचा नाही, तो तिथे दोनच वर्षं शाळेला होता आणि ती दोन वर्षं त्याने काय दिवे लावले ते बोर्डावर कुणी लिहिलेलं नाही.

मग आपण एगैलाच्या आपल्या बिल्डिंगचा बोर्ड करायला घेतला. दुसऱ्या मजल्यावरचे बापट: लिफ्टमध्ये अडकले असताना तिथूनच ऑफिसची मीटिंग पूर्ण केली. परभणीच्या वहिनी: बाल्कनीत कढीपत्ता उन्हाळाभर जगवला आणि जाताना तो कुणाला द्यायचा यावरून दोन घरांचं बोलणं बंद पाडलं. सलमा: शर्कच्या मासळीबाजारात झुबैदीचा, म्हणजे आपल्या पापलेटचा, भाव असा पाडला की विकणाऱ्यानेच तिला पाणी आणून दिलं. सलमा म्हणाली, तिचं नाव वर घाला आणि आपली दोघींची खाली, कारण आपण चालतो कमी नि भांडतो जास्त.

हसून झाल्यावर तू म्हणालीस की त्या बोर्डावरचं एकही माणूस त्या गावात थांबलेलं नाही. गेले म्हणून तर बोर्डावर चढले. इथे आपण सगळेच जाणारे. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपला की दारावरची पाटी निघते आणि पुढचा भाडेकरू त्याच भोकांत स्क्रू मारून आपली पाटी लावतो. मी काहीतरी उत्तर दिलं असेल. मला आठवत नाही.

त्यानंतर मीराच्या शाळेचं आलं. वर्गातल्या प्रत्येक मुलाने गावात राहून गेलेल्या एका नामवंत माणसासारखे कपडे करून पुतळ्यासारखं उभं राहायचं. हातावर चिकटवलेलं कागदाचं बटण कुणी दाबलं की पुतळा बोलायला लागतो, पाच वाक्यं. मी कोण, या गावात कधी राहिले, रोज काय करायचे, माझी एक वस्तू आणि लोकांसाठी मी काय केलं. मीराने तुला निवडलं. बाई म्हणाल्या की सहा महिने म्हणजे राहणंच झालं. तू फोनवर तिला समजावत होतीस, अगं, तू अंतराळवीर हो, मस्त पांढरे कपडे मिळतील. तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, “आजी, एव्हरीवन इज द अ‍ॅस्ट्रोनॉट.”

मी तिच्या बाजूची झाले. तुझ्या ओट्यापाशी उभी राहून मीच वाक्यं करायला घेतली. माझं नाव शैला. तुमच्या शहरात मी सहा महिने राहिले आणि तळ्यावरच्या बदकांशी माझं पटलं नाही. कुवेतच्या दस्मानमध्ये एका ऑफिसात मी हिशेब बघते. हे पाहा माझं वाचनालयाचं कार्ड. या चारांना तू मान डोलावलीस, बदकांच्या वाक्यावर तर खूश झालीस. पाचवं वाचलं आणि तू पोळपाट बाजूला ठेवलास.

मी लिहिलं होतं: परदेशात वारलेल्या बायकांना घरी पाठवण्यापूर्वी मी साडी नेसवते.

“नऊ वर्षांच्या मुलीने हे वर्गात उभं राहून सांगायचं?” तू म्हणालीस. “माझी आजी मेलेल्यांना साड्या नेसवते म्हणून? उद्या तिच्याशेजारी कुणी डबा खायला बसेल का?”

मी म्हटलं की यात लपवण्यासारखं काय आहे, बोर्डावरच्या गवताच्या यंत्रापेक्षा तर हे मोठं आहे. तू म्हणालीस, हे बोर्डावर लावायचं कामच नव्हे. मी म्हटलं, मग तिला कधीच कळायचं नाही का. त्यावर तू माझ्या हातातला कागद घेतलास, पाचव्या ओळीवर पिठाच्या बोटाने आडवी रेघ ओढलीस आणि म्हणालीस, “मी सांगेन तिला. ती मोठी झाली की मी स्वतः सांगेन. तू लिहू नकोस.”

मोठी म्हणजे किती, असं मी विचारलं. तू म्हणालीस, माझं आपलं प्रत्येक गोष्टीत किती. त्यानंतर आपण दिवाळीच्या चकल्यांवर बोललो, भाजणी कुणाकडची आणायची यावर बोललो. त्या ओळीवर पुन्हा नाही.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. इथे वारलेली ती नांदेडची मुलगी मला रोज आठवते. तेव्हा आपण दोघी नवख्या होतो. कागद कसे करायचे एवढंच ठाऊक होतं. रुग्णालयाने गुंडाळून दिलं तशी ती पेटीत गेली, आणि गावाकडे जाणत्यांनी पेटी उघडू दिली नाही. चार-पाच दिवसांनी तिच्या आईचा तुला फोन आला. भांडण नाही, तक्रार नाही. एवढंच विचारलं, “माझ्या लेकीच्या अंगावर काय होतं हो?” तुला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर तू माझ्या घरी आलीस आणि पाणीही न पिता म्हणालीस, “यापुढे शवागारात आत मी जाणार.”

तेव्हापासून तू आत आणि मी बाहेर, कागदांपाशी. पुण्यामुंबईची असो, मराठवाड्याची असो, जिच्या घरच्यांना हवं तिला तू नेसवलंस. निऱ्यांना पिना लावायच्या नाहीत, पांढऱ्या दोऱ्याने सैल बांधायच्या, म्हणजे पेटी हलली तरी सुटत नाहीत, हे तुझंच. आणि विमान सुटलं की तिच्या घरी बायकांना फोन करून सगळं सांगायचं: रंग कोणता, काठ कसा, बांगड्या कुठल्या, केस कसे विंचरले. पेटी उघडोत न उघडोत. त्या फोनच्या वेळी तू कुणालाही खोलीत थांबू द्यायची नाहीस, मलासुद्धा. मला वाटायचं तुला रडू येतं म्हणून. सलमा दाराबाहेरून ऐकायची, ती म्हणते तसं नाही. तू त्या बायकांशी माहेरपणाला आलेल्या मुलीसारखी हळू आणि लांबण लावून बोलायचीस, आणि माझ्यासमोर तुला तसं बोलायची लाज वाटायची. माझ्यापुढे तू कायम मुद्द्याचं बोललीस. तशी तूच म्हणायचीस ना, की अनघाशी बोलताना वाक्याला नंबर घालून बोलावं लागतं.

शुक्रवारी मी पहिल्यांदा आत गेले. दुसरं कोण जाणार होतं? साडीवरून सलमाची आणि माझी आदल्या दिवशी वादावादी झाली होती. तिला हिरवी हवी होती, मला निळी इरकल. इतक्या जणींच्या घरी तू विचारलंस, कुठली साडी द्यायची, आणि तुला ते विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. शेवटी निखिलने कपाट उघडलं आणि इरकलीवर हात ठेवला, कारण मीराच्या बारशाच्या फोटोत तू तीच नेसली आहेस.

माझे हात माझं ऐकेनात. आपल्या आपण नेसणं वेगळं आणि समोरच्या माणसाला नेसवणं वेगळं, सगळं उलटं येतं. निऱ्या भलत्याच बाजूला वळल्या. मी त्या सोडल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा सोडल्या. सलमा तुझं डोकं धरून उभी होती. त्यांच्यात बायकाच बायकांना आंघोळ घालतात, तिला सवय आहे. ती मला रागावली नाही. म्हणाली, “घाबरतेस कित्याला? तायच हाय. चुकलं तर काय बोलनार नाय.” मग आम्ही दोघीही हसलो, तिथे, त्या खोलीत. हसल्यावर हात चालायला लागले. दोरा मीच बांधला.

तू आतून बाहेर आल्यावर काही वेळ कुणाशी बोलायची नाहीस, गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघायचीस. मी पुढच्या सीटवरून पावत्यांचं, वेळांचं विचारत राहायचे. तू ‘हं, हं’ म्हणायचीस. त्या वेळी तुला काय होत होतं ते मी एकदाही विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. आता थोडं कळतं आहे, आणि सांगायला तू नाहीस.

विमान सुटल्यावर सांगलीला तुझ्या थोरल्या बहिणीला, मंगलताईंना, फोन केला. तुझ्यासारखं लांबण लावायला मला जमलं नाही. निळी इरकल, तांबडा काठ, हिरव्या बांगड्या नाहीत, सोन्याची एक पाटली निखिलने काढून घेतली आहे, केस सलमाने विंचरले. त्या पलीकडे ऐकत होत्या. मग म्हणाल्या की ती साडी त्यांनीच घेऊन दिली होती, आणि तुला ती आवडली नव्हती, तांबडा काठ फार भडक म्हणून तू कुरकुरली होतीस. काय करणार, ताई. तुला विचारायचं राहिलं.

रविवारी मीराचा फोन आला. निखिल अजून सांगलीतच आहे, तीन दिवसांचे विधी आटोपून निघेल. फोन तिच्या आईने लावून दिला. मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, तुमचं चालायचं तसंच. आजी आता जिवंत नाही तर चालेल का, असं तिने बाईंना विचारून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, बोर्डावरचे बहुतेक सगळे गेलेलेच आहेत. हे तिने मला अगदी कामाची माहिती द्यावी तसं सांगितलं. चार वाक्यं तिला पाठ आहेत. बदकांचं वाक्य तिने म्हणूनही दाखवलं, तुझ्यासारखा हेल काढून. मग थांबून म्हणाली की बाबांनी सांगितलं, आजीला तू साडी नेसवलीस. भीती वाटली का?

मी खरं सांगितलं. म्हटलं, सुरुवातीला वाटली, पण कसं करायचं ते तुझ्या आजीकडूनच शिकले होते.

बोलून गेले आणि लक्षात आलं.

मग तिने इंग्रजीत विचारलं की म्हणजे आजी हे करायची का, दुसऱ्यांसाठी? तिच्या आवाजात भीती नव्हती, ताई. मी नीट ऐकलं. नवल होतं आणि थोडा रागही होता, आपल्याला कुणी सांगितलं नाही याचा. मी म्हटलं, तुला लिहून पाठवते. ती म्हणाली की पाचवं वाक्य म्हणून पाठव, गुरुवारी आहे.

आता माझी पंचाईत बघ. तू नको म्हणाली होतीस, आणि तो नकार मागे घेणारं माणूस आता नाही. तिला मी हो म्हटलं आहे, आणि ती रोज आईकरवी विचारते आहे. तू स्वतः सांगणार होतीस. ‘मोठी झाली की’ एवढीच अट घातली होतीस आणि मोठी म्हणजे किती ते सांगितलं नाहीस. मी आपली बसून ठरवते आहे की जी मुलगी बाईंना विचारून घेते, वारलेलं माणूस चालेल का, ती मोठी झाली की नाही.

माझं जुनं वाक्य चालणार नाही, हे मात्र मान्य. ते तुझं नव्हतंच. ते माझं होतं, बाहेर कागदांपाशी उभ्या असलेल्या बाईचं. दाखल्यावर लिहावं तसं. आत जाऊन आल्यावर ते मला वाचवत नाही. तू मीराला सांगितलं असतंस तर त्या फोनवरच्या आवाजात सांगितलं असतंस, आणि तो आवाज मी कधी ऐकला नाही. सलमाला विचारलं, ताई काय बोलायची गं त्या बायकांशी, अगदी शब्द सांग. तिने आठवून पाहिलं. म्हणाली, शब्द काय नवे नसायचे, “तुमची लेक छान दिसत होती” असलंच काहीतरी.

आज मंगळवार. सकाळपासून चार मसुदे झाले, चारही फाडले. मीराची आई कामाला निघायच्या आधी निरोप बघते, म्हणजे आपल्याकडे दुपार उलटली की. वाक्य एकच हवं, ‘मी’ने सुरू होणारं, नऊ वर्षांच्या तोंडात बसेल एवढं, आणि तुला चालेल असं. ‘मी’ लिहून ठेवलं आहे. पुढचं लिहून दुपार उलटायच्या आत पाठवायचं आहे.